पाचव्या रकान्यातली बायको

आमच्या दवाखान्यात येणारा माणूस डॉक्टरबाईंच्या आधी माझ्या तावडीत सापडतो. मान, पाठ, गुडघे, खांदे यांचा दवाखाना आहे. आत बाई, दोन पलंग, मान ओढायचं यंत्र आणि शेकायच्या पिशव्या. बाहेर बाकं, आणि बाकांसमोर टेबल टाकून मी. मी केसपेपर भरते. त्यात सहा रकाने: नाव, वय, कुठे दुखतं, कधीपासून, कशाने वाढतं, कशाने कमी होतं. रकान्यांची नावं इंग्रजीत छापलेली आहेत, कारण बाईंनी पहिल्या वर्षी एका मोठ्या इस्पितळातले उरलेले कागद आणले होते, आणि तेव्हापासून छापखान्यात जुना कागद दाखवून 'असेच द्या' म्हणायची पद्धत पडली.

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मी पाचव्या रकान्याशी अडखळले. नाव, वय कुणालाही कळतं. पण हे 'अ‍ॅग्रव्हेटेड बाय' काय प्रकरण? शाळा माझी सातवीत सुटली. पुढचं सगळं शिक्षण औषधांच्या खोक्यांवरचं. संध्याकाळी तडक अक्काचं घर गाठलं. अक्का माझी थोरली बहीण, आणि तिचे यजमान, म्हणजे भाऊजी, छापखान्यात प्रूफरीडर होते. चौतीस वर्षं त्यांनी दिवसा परक्यांच्या चुका काढल्या आणि संध्याकाळी घरच्यांच्या.

भाऊजी खूश झाले. त्यांना कुणी शब्दाचा अर्थ विचारला की इतर लोक पाहुणे आल्यावर जेवढे खूश होतात तेवढे ते होतात.

"अ‍ॅग्रव्हेट म्हणजे आधीच जे बिघडलेलं आहे ते आणखी बिघडवणं. एवढाच अर्थ. लोक 'डिवचणं, चिडवणं' या अर्थानेही वापरतात. वापरू देत. लोक पायपुसण्याने टेबलही पुसतात."

मग त्यांनी मला त्यांची जुनी डिक्शनरी दिली. तिच्यातही जागोजागी लाल पेन्सिलीच्या खुणा होत्या. डिक्शनरीच्याही चुका काढणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता, आणि नंतरही पाहिला नाही.

तर पाचवा रकाना. तो भरताना मी माणूस जे बोलेल ते जसंच्या तसं लिहिते. माझी पद्धतच आहे ती, आणि डॉक्टरबाईंना आवडते. एका शिंप्याच्या खांद्यापुढे मी लिहिलंय, 'गिऱ्हाईक थोडंसंच सैल करा म्हणालं की.' एका मुख्याध्यापिकेच्या पाठीपुढे, 'सुट्टी संपत आली की.' कागदाखाली कार्बन असतो. वरची प्रत फायलीत, खालची पेशंटच्या घरी. ती कपाटाच्या दाराला आतून चिकटवा, असं मी प्रत्येकाला बजावते. नाहीतर लोक पुढच्या खेपेला हात हलवत येतात आणि कुठला खांदा दुखत होता यावरून नवरा-बायकोत वाद घालतात.

भाऊजी निवृत्त झाले आणि त्यांची मान धरली. इतकी वर्षं एकाच बाजूला झुकून वाचल्यामुळे डोकं उजव्या खांद्याकडे कललेलं. सगळं जग आपल्याला तिरकं छापून मिळालंय अशी त्यांची मुद्रा. अक्का त्यांना घेऊन आली तेव्हा सकाळची गर्दी होती. बाकांवर अकरा माणसं.

"नाव?" मी विचारलं.

"तुला माहीत नाही?" अक्का म्हणाली.

"विचारायचं असतं गं."

नाव अक्कानेच सांगितलं. वयही तिनेच सांगितलं, एकोणसत्तर.

"अडुसष्ट पूर्ण," भाऊजी म्हणाले. "एकोणसत्तरावं चालू. फरक आहे."

"कुठे दुखतं?"

"मान," अक्का.

"मानेची उजवी बाजू, खांद्यापर्यंत," भाऊजी.

"कधीपासून?"

"रिटायर झाल्यापासून."

"त्याआधीपासून. हिच्या लक्षात नंतर आलं."

"बरं. कशाने वाढतं?"

भाऊजींनी तोंड उघडलं. पण अक्काचं उत्तर तयार होतं. "काम सांगितलं की. पिशवी घेऊन खाली जा म्हटलं की मान. माळ्यावरचा डबा काढा म्हटलं की मान. पेपर वाचताना बघ, कशी ताठ असते!"

बाकांवर खसखस पिकली. भाऊजींनी तोंड मिटलं. मान वळवता येत नव्हती म्हणून ते आधी अख्खे अक्काकडे वळले, मग अख्खे माझ्याकडे.

"लिही. वाइफ."

सगळे हसले. अक्काही हसली, असं मला तेव्हा वाटलं. पुढे आठवून पाहिलं तर ती चष्मा पुसत होती.

"मराठीत लिहू का?"

"रकाना इंग्रजी, तर उत्तर इंग्रजी. भेसळ नको."

मी लिहिलं. इथे चूक माझी झाली, हे मी आधीच सांगून टाकते. रांग होती, हसू होतं, आणि माझा हात आपला सवयीने चालला. कार्बन नवा होता. खालच्या प्रतीवर तो शब्द वरच्याहून ठळक उमटला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दारावर थाप. अक्का. हातात पिशवी. पिशवीत चार साड्या, गुडघ्याला लावायचं मलम, आणि कुकरची शिट्टी.

"शिट्टी कशाला?"

"कुकर तिथेच ठेवलाय. करू देत काय करायचं ते."

मी तिला बसवलं, चहा दिला. चहा कडू झालाय म्हणाली, पण प्यायली.

"छोटे," ती म्हणाली. मी त्रेपन्न वर्षांची आहे, पण अक्काच्या तोंडी छोटीच. "छोटे, मला इंग्रजी येत नाही. पण 'वाइफ' कुणाला कळत नाही? कागद चिकटवायला गेले आणि वाचला. यांना विचारलं, अहो, त्या वाइफच्या अलीकडचा हा लांबलचक शब्द काय? आता सरळ म्हणायचं ना, अगं, गंमत केली. नाही! चष्मा लावला. डिक्शनरी काढली. म्हणाले, 'लोकांना वाटतं तसा याचा अर्थ डिवचणं नाही. तो बाजारातला अर्थ. तू मला डिवचतेस असं मी म्हटलेलंच नाही. दुखणं आधीचंच आहे. तू ते फक्त वाढवतेस.'"

"फक्त?"

"फक्त! मी म्हटलं, म्हणजे अडतीस वर्षं मी आगीत तेल ओततेय म्हणा ना. तर म्हणतात कसे, 'उपमा चपखल आहे.'"

यावर हसू नये एवढं मला कळतं. मी पदर तोंडाशी धरून खोकले.

"हसू नकोस. अक्षर तुझंच आहे ते."

मग तिने मुद्द्याचं सांगितलं. नोकरी करणाऱ्या मुलींचं एक वसतिगृह आहे, तिथे देखरेखीला बाई हवी आहे. राहायला तळमजल्यावर खोली, जेवण तिथेच. महिन्याभरापूर्वीच तिला विचारलं होतं, तिने नाही म्हटलं होतं. काल संध्याकाळी ती पुन्हा तिथे जाऊन आली होती. हो की नाही ते पुढच्या शनिवारपर्यंत कळवायचं. आज शुक्रवार होता. म्हणजे हातात आठवडा.

"आणि भाऊजी?"

"त्यांना दुखणं वाढवणारं कुणी नको आहे. त्यांची सोय झाली."

खरं सांगते, पहिले दोन दिवस मला बरं वाटलं. मी एकटी राहते. दीड खोली, खाली, रस्त्याच्या अंगाला. संध्याकाळी घरी आल्यावर दार आतून उघडलं जाणं ही गोष्ट मी विसरूनच गेले होते. तिसऱ्या दिवशी तिने माझी भांडी उंचीप्रमाणे लावली, चौथ्या दिवशी माझ्या झोपण्याची दिशा बदलली, आणि मी कामाला लागले. म्हणजे मिटवामिटवीच्या.

मी नवा केसपेपर घेतला. पाचव्या रकान्यात लिहिलं, 'उशी.' तो घेऊन तीन जिने चढून भाऊजींकडे गेले. जुना फाडा, हा चिकटवा, अक्काला दाखवा, संपलं. भाऊजी टेबलाशी बसून ब्रेड खात होते. कागद त्यांनी हातभर लांब धरून वाचला.

"हे चालणार नाही. झालेली नोंद बदलायची नसते. नोंदीत चूक राहिली असेल तर शुद्धिपत्र काढायचं."

"मग काढा!" मी म्हटलं. हे म्हणायला नको होतं.

त्यांनी कागदाची एक पट्टी कापली, रेघ मारली आणि सुंदर अक्षरात लिहिलं: 'पाचव्या रकान्यात "पत्नी" याऐवजी "पत्नीचे बोलणे" असे वाचावे.' खाली तारीख. मी वाचून त्यांच्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर खरोखर आशा होती. या माणसाने जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती, पण शुद्धिपत्रं शेकडो काढली होती, आणि माझी खात्री आहे, त्यांच्या लेखी दोन्ही एकच.

पट्टी मी घरी नेली. अक्काने वाचली.

"म्हणजे मी गप्प राहिले तर चालेन."

"तसं नाही गं त्यांना..."

"तसंच आहे. त्यांनी लिहिलंय म्हणजे शब्द तोलूनच लिहिलंय. त्यांना विचार, बोलणं म्हणजे कुठलं?"

मी विचारायला गेले. दुसरी पट्टी निघाली: '"पत्नीचे बोलणे" याऐवजी "पत्नीचे काही वेळचे बोलणे" असे वाचावे.' त्यावर अक्काने 'कुठल्या वेळचे?' असं विचारायला मला परत पाठवलं, आणि तिसऱ्या पट्टीवर वेळ आली: 'सकाळी साडेसात ते नऊ.' अक्काने ती तिसरी पट्टी नीट घडी घालून साडीच्या घडीत ठेवली, आणि त्या दिवशी माझ्याशीसुद्धा बोलली नाही. मी मधल्या मध्ये जिने चढत-उतरत होते. पहिल्या दिवशी हे प्रकरण एका शब्दाचं होतं. बुधवारपर्यंत त्याला माझ्या मध्यस्थीने तीन पुरवण्या जोडल्या गेल्या. बिघडलेलं आणखी बिघडवणं म्हणजे काय, हे मला आता कुठल्याही डिक्शनरीशिवाय सांगता आलं असतं.

दवाखान्यातही बातमी फुटली होती, कारण बाकांवरचे अकराही जण रोजचे शेकायला येणारे.

"पुष्पगुच्छ पाठवा म्हणावं," शिंपी म्हणाला.

"नको. त्याच्यावरही चिठ्ठी लावतील," मुख्याध्यापिका म्हणाल्या.

गुरुवारी भाऊजींचा यंत्रावर मान ओढायचा दिवस होता. ओढून झाल्यावर चक्कर येते, म्हणून बरोबर घरचं माणूस लागतं. मी अक्काला सांगितलं, बाईंचा हुकूम आहे.

"बाईंनी बोलावलंय म्हणून येईन. यांच्यासाठी नाही."

"नको यांच्यासाठी. बाईंसाठी ये."

भाऊजी आधीच येऊन बसले होते. मान पहिल्यापेक्षा जास्त वाकडी. डॉक्टरबाई एका म्हाताऱ्या पेशंटला सोडायला दारापर्यंत आल्या होत्या, आणि तेव्हाच अक्का दवाखान्याच्या पायऱ्या चढत होती. सहाच पायऱ्या आहेत. बाई तिथेच थांबल्या. अक्का डावा पाय वर टाकायची, मग उजवा त्याच्या शेजारी आणायची, भिंतीला हात लावून श्वास घ्यायची, आणि पुन्हा डावाच.

बाई माझ्याकडे वळल्या. "यांचा पेपर कुठे आहे?"

"त्या पेशंट नाहीत, बाई. सोबत आल्यात."

"सोबत आलेल्यांना गुडघे नसतात का? भर पेपर."

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं. दिवसभर मी परक्यांना विचारते, कुठे दुखतं, कधीपासून. आणि माझी सख्खी बहीण सात दिवस माझ्या घरात होती, रोज सकाळी मलम चोळत होती, आणि मी तिला भाऊजींबद्दल सोडून एक प्रश्न विचारला नव्हता.

मी कोरा कागद घेतला. कार्बन घातला. अक्का समोर बसली. भाऊजी बाजूच्या बाकावर. बाकाची सगळी माणसं एकदम आपापल्या नखांकडे बघू लागली, म्हणजे कान इकडे.

"कुठे दुखतं?"

"गुडघे."

"कधीपासून?"

"सहा वर्षं झाली असतील."

बाकावर हालचाल झाली. भाऊजी अख्खे तिच्याकडे वळले होते.

"कशाने वाढतं?"

शिंप्याने तर पुढे वाकून हनुवटी हातावर टेकली. सगळ्यांना उत्तर ठाऊक होतं. मलाही वाटलं, आता ही म्हणणार, 'लिही, हजबंड.' आणि खोटं कशाला बोलू, मी पेन टेकवूनही ठेवलं होतं.

"जिना," अक्का म्हणाली. "तीन मजले. रिकाम्या हाताने चढले तर ठीक. भाजीच्या दोन पिशव्या असल्या की दुसऱ्या मजल्यावर बसावं लागतं. तिथे त्या कुंड्या आहेत ना, त्यांच्या कट्ट्यावर. वर पोचायला उशीर झाला की हे विचारतात, कुणाशी बोलत बसली होतीस."

कुणी हसलं नाही. मी लिहीत होते, सगळं, तिच्या शब्दांत.

"सहा वर्षं?" भाऊजी म्हणाले. "मला सांगितलं नाहीस."

"सांगितलं होतं."

"कधी?"

"पहिल्यांदा दुखला तेव्हाच. मी म्हटलं, अहो, माझे गुडघा दुखतो. तुम्ही म्हणालात, 'माझा गुडघा दुखतो, किंवा माझे गुडघे दुखतात. काय ते एक ठरव.' मग मी ठरवत बसले."

भाऊजी काहीतरी शोधत असल्यासारखे समोरच्या भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवर पाठीच्या कण्याचं चित्र आहे, त्यात एका मणक्याचं नाव चुकीचं छापलंय. गेल्या गुरुवारी त्यांनी ते दोनदा दाखवून दिलं होतं. आज ते त्यांना दिसत नव्हतं.

"हो," ते शेवटी म्हणाले. "म्हणालो होतो." आणि जरा थांबून, "चूक झाली माझी."

बाकांवरच्या लोकांना हे साधंच वाक्य वाटलं असेल. मी मात्र अडतीस वर्षं त्यांची मेहुणी आहे. मी पेन खाली ठेवलं.

अक्काने त्यांच्याकडे पाहिलं. "हे आता पट्टीवर लिहून देऊ नका."

"नाही देत."

बाईंनी गुडघे तपासले आणि जिना बंद म्हणून सांगितलं. महिना, दोन महिने नव्हे, कायमचा. अक्काने मान हलवली. "म्हणूनच म्हटलं वसतिगृहाला हो म्हणावं. तिथे सगळं खालीच आहे." तिच्या आवाजात राग नव्हता. तेच मला जास्त लागलं. राग असता तर मी अजून एक खेप घातली असती. आता कळलं, कागदावरचा तो शब्द नुसतं निमित्त होता. तिसऱ्या मजल्यावरून उतरायला तिला काहीतरी कारण हवं होतं, आणि गुडघे हे कारण कुणी ऐकून घेतलं नव्हतं.

"शनिवार म्हणजे परवा," भाऊजी म्हणाले.

"हो. परवा."

ते उठून आत गेले. मान ओढून घेतली, चक्कर जाईपर्यंत बसले, आणि एकटेच गेले. अक्का माझ्याबरोबर परत आली. वाटेत म्हणाली, "बघितलंस? एवढं झालं तरी, थांब म्हणाले नाहीत."

शुक्रवारी माझी अर्ध्या दिवसाची सुट्टी. दुपारी दोनला भाऊजी दारात. बुटांवर बोटभर धूळ, शर्ट घामाने चिकटलेला, मान जवळजवळ खांद्याला टेकलेली. पाणी मागितलं. दोन ग्लास प्यायले.

"सकाळपासून नऊ खोल्या पाहिल्या," ते अक्काला म्हणाले. "तळमजल्याच्या. सहा ठिकाणी तळमजला म्हणतात पण आधी जिनाच आहे. दोन ठिकाणी न्हाणीघर वर. एक आहे. तू बघ. नको म्हणालीस तर उद्या वसतिगृहात तुझं सामान मी पोचवतो."

अक्काने रिकामा ग्लास त्यांच्या हातातून घेतला. मग चप्पल शोधू लागली.

आम्ही तिघं गेलो. गल्लीच्या टोकाला जुनं घर, शेजारी सायकल दुरुस्तीचं दुकान. दारावर हाताने रंगवलेली पाटी: 'खोलि भाडयाने देने आहे.' चार शब्दांत तीन चुका. भाऊजी पाटीसमोर थांबले. मी आणि अक्का दोघींनी श्वास धरला. त्यांनी ती पूर्ण वाचली, एकदा गिळलं, आणि कडी वाजवली.

घरमालकीण जाडजूड, घाईत असलेली बाई. "बघा काय ते. माझं दूध गॅसवर आहे."

उंबऱ्याशी एक पायरी होती. भाऊजींनी अक्काला विचारलं, "ही जमेल?"

"एक जमेल. जरा हात द्या."

त्यांनी हात दिला. ती चढली, उतरली, पुन्हा चढली. मग आत गेली आणि सुरू झाली. ओटा बुटका आहे. खिडकी थेट रस्त्यावर, येणारा-जाणारा आत बघणार. शेजारी दिवसभर ठोकाठोकी. भिंतीचा रंग म्हणजे आजारी माणसाची जीभ. नळ गळतोय. या कोनाड्यात तुमची पुस्तकं मावायची नाहीत, आणि मावली तरी पुसणार कोण?

मी भाऊजींकडे पाहत होते. दुपारचे साडेतीन झाले होते, म्हणजे त्यांच्या तिसऱ्या पट्टीवरच्या वेळेच्या कितीतरी बाहेर. ते भिंतीला टेकून उभे होते. एका हाताने मान धरलेली, आणि दुसऱ्या हातातल्या पाकिटाच्या पाठीवर ते काहीतरी टिपत होते. मी डोकावून पाहिलं. 'ओटा. पडदा. नळ. पुस्तकं कमी करणे.' तिच्याच क्रमाने, काही न बदलता.

"मग? घ्यायची की नाही?" घरमालकिणीने आतून विचारलं.

"हिला विचारा," भाऊजी म्हणाले.

अक्का दारापासून ओट्यापर्यंत एकदा चालून आली. मग न्हाणीघरापर्यंत. पावलं मोजावीत तशी. कंबरेवर हात ठेवून मधोमध उभी राहिली.

"वसतिगृहाला मीच फोन करते," ती म्हणाली. "तुम्ही करू नका. एका नकाराला अर्धा तास लावाल. आणि अहो, ते सगळं लिहिलंत ना? मग त्यात रंगही लिहा."

भाऊजींनी लिहिलं, 'रंग.'

"कुठला?" त्यांनी विचारलं.